सायटेशनची सावड

नववीनंतर माझी शाळा सुटली. त्यामुळे कुणी हातात कागद दिला की अजूनही वाटतं, आता आपल्याला काहीतरी विचारणार. तरी गेली काही वर्षं मी विदर्भातल्या एका कॉलेजच्या लायब्ररीत प्राध्यापकांची सायटेशन शोधून देते. हे काम मिळालं ते आमच्या सरांमुळे. सर याच कॉलेजात प्राध्यापक, पिकांच्या रोगांवर संशोधन करणारे; मूळचे मंचरकडचे, म्हणजे माझ्या माहेरच्या बाजूचे. लग्न होऊन एवढ्या लांब आलेली जुन्नरची बाई म्हणून त्यांनी माझ्यासाठी शब्द टाकला. आधी मी पुस्तकं पुसायची. मग लायब्ररीच्या मॅडमनी मला कॉम्प्युटरवर बसवलं. डेटाबेसमध्ये नाव टाकायचं, त्या माणसाच्या लेखांचा आधार इतरांनी आपल्या लेखांत कुठं कुठं घेतलाय ते बघायचं, यादी छापायची. बढतीच्या फाइलला ती यादी लागते.

एका वर्षी सरांचीच फाइल आली. निवृत्तीला थोडीच वर्षं राहिलेली, म्हणजे बढतीची ही बहुतेक शेवटची संधी. यादी लांबलचक निघाली म्हणून मी खूश. पण वाचताना तीच दोन नावं पुन्हापुन्हा दिसायला लागली. उलटं शोधलं, तर त्या दोघांच्या यादीत जागोजाग आमचे सर. मला एकदम माहेरचं, डिंगोऱ्याचं आमचं वावर आठवलं.

तिथं कांद्याची लागण सावडीनं व्हायची. आज आमच्या वाफ्यात आळीतल्या सगळ्या बाया, उद्या आई आणि मी त्यांच्यात. थंडीत गार पाण्यानं पावलं बधिर व्हायची, तोंडं मात्र चालूच. एक चुलती रोपांची जुडी मांडीवर घेऊन बांधावर ऊन खात बसायची. आई ओरडायची, "पावणं, बांध पळून जाईल म्हणून धरून बसलाय व्हय?"

"तुमी लावा गं, मी लक्ष ठेवते!"

हसता हसता वाफा संपायचा. शाळा सुटल्याचं लई वाईट वाटायचं, पण त्या बायांच्यात असताना नाही.

तर त्याच आनंदात मी बोलून गेले, "मॅडम, आपल्या सरांची पण सावड हाय बघा!"

"म्हणजे कसं जी?"

मी यादी दाखवून समजावलं. मॅडमनी चष्मा काढला. "बाई, याला एकमेकांचे आकडे फुगवणं म्हणतात. कमिटीच्या लक्षात आलं तर फाइलच बाजूला पडते. आधी सरांना दाखवा."

ज्या माणसानं मला इथं उभं केलं, त्याच्याच फाइलवर मी बोट ठेवलं होतं.

यादी घेऊन मी सरांच्या खोलीत गेले आणि सावडीचं काय बोलले तेही सांगून टाकलं.

"सर, चुकलं माझं. मी बोलायला नको व्हतं."

"एक सांग. सावडीत बांधावर बसून राहणाऱ्या बाईचा दिवस धरत्यात का?"

"न्हाई धरत. पण आमची आई धरायची. चुलतीच व्हती ना ती."

सर खळखळून हसले. "तसंच झालंय बघ. दोघं माझे जुने मित्र. आमी पण एकमेकांचे धरत गेलो."

मग पेन काढून ते एकेक लेख उघडायला लागले. "हा राहू दे, यात माझी पद्धत खरंच वापरलीय. ह्यात नुसतं नाव घुसडलंय, काट. हा पण काट." मी काटत गेले. शेवटी यादी एका पानावर आली. तीच फाइलला लागली.

बढती झाली नाही. पुढं कितीतरी दिवस मी त्यांच्या खोलीपुढून जायचं टाळलं. शेवटी तेच लायब्ररीत आले. "लपती काय गं? माझं नाव परत शोधत जा. अजून एक फाइल करता येईल."

म्हणून दर महिन्याला शोधते. मागच्या आठवड्यात एक नवीन लेख दिसला, कुठल्या तरी परदेशातल्या माणसाचा. सरांच्या पद्धतीनं त्यानं तिकडचा रोग तपासला होता. मी उलटंही शोधून बघितलं, दोनदा. सरांनी त्याचं नाव कधीच कुठं घेतलेलं नव्हतं. लेख छापून त्यांच्याकडे पळाले.

सरांनी तो उभ्या उभ्याच वाचला. "कोण गं हा? आपल्या त्या दोघांच्या ओळखीचा तर नसंल?"

"न्हाई सर. कुणाच्याच ओळखीचा दिसत न्हाई."

"मग फाइलला लाव," सर म्हणाले, "सगळ्यात वर."