महिरप आणि मेहराब

परदेशात आल्यावर हॅरिस पार्कच्या भाड्याच्या फ्लॅटमध्ये माझा पहिला गणपती बसला तेव्हा शेजारचे म्हातारे इराणी काका दारात येऊन उभे राहिले. कुकरच्या खोक्याचा पुठ्ठा कापून मी केलेल्या कमानीकडे बघत त्यांनी इंग्लिशमध्ये विचारलं, "हिला काय म्हणता?"

"महिरप."

"मेहराब!" ते ओरडलेच. "ही तर आमची!"

"तुमची कशी? आम्हाला शाळेत गणितात महिरपी कंस होता." मी कसली गप्प बसतेय! ऑफिसात कोड लिहिताना दिवसभर तेच कंस टाकायचे मी.

काका तरुणपणी इस्फहानच्या शाही मशिदीत जुन्या टाइल्स दुरुस्त करायचे. त्या गणपतीपासून रोज संध्याकाळी, माझ्याकडच्या चहावर, ती चारशे वर्षांची मशीद आमच्या गॅलरीत उभी राहायची. निळ्यापिवळ्या सात रंगांच्या टाइल्स. घुमट दुहेरी, आतला बुटका, बाहेरचा उंच, मधे नुसती पोकळी. त्याच्याखाली बरोब्बर मधोमध पाय आपटला की पडसादांवर पडसाद. पण काकांचा जीव होता तो वळणावर. मशिदीचा दरवाजा मैदानाकडे, पण आतली मेहराब हवी मक्केच्या दिशेला, आणि मक्का तिरकी. मग बांधणाऱ्यांनी दरवाजाच्या आत अख्खी मशीदच तिरकी, उजवीकडे वळवली.

"माणूस कधी वळला, त्यालाही कळत नाही," असं म्हणून काका माझे खांदे धरायचे आणि मला हलकेच उजवीकडे वळवायचे. दर वेळी! चहा सांडायचा माझा. मी वैतागायचे, ते हसायचे. काय छान दिवस होते ते!

मग काका विसरायला लागले. आधी चाव्या, मग चक्क इंग्लिश. पेंडल हिलजवळच्या नर्सिंग होममध्ये त्यांना हलवल्यावर त्यांची मुलगी फोनवर म्हणाली, "आता नाही आलीस तरी चालेल. त्यांना फक्त फारसी उरलीय. तू बोलणार काय?"

मला रागच आला तिचा. रडूही आलं. माझा माणूस असा हातातून जाऊ द्यायचा? शनिवारी ट्रेन पकडून गेलेच.

काका खुर्चीत होते. त्यांनी मला ओळखलं नाही. मी समोर उभी राहिले आणि माझ्या मराठीत नि त्यांच्या फारसीत, आम्हा दोघांचे होते तेवढे शब्द काढले.

"मैदान."

ते आपले शर्टाचं बटण चाचपत राहिले.

"दरवाजा. मिनार." त्यांनी मान वर केली.

"घुमट."

"गोंबद," ते पुटपुटले.

"महिरप," मी म्हटलं.

काका खुर्चीचा हात धरून उठले. "मेहराब," त्यांनी मला दुरुस्त केलं. मग माझे खांदे धरून मला हलकेच उजवीकडे वळवलं.