ताईंचं नाक

यवतमाळच्या दवाखान्यातून पुतण्याचा फोन आला तेव्हा मी दारव्ह्याच्या घरी वरणाला फोडणी देत होते. "काकू, आई गेली," एवढंच तो म्हणाला. पुढचं काही आठवत नाही. जळलेल्या लसणाचा वास मात्र अजून जात नाही... सुनंदाताई माझ्या मोठ्या जाऊबाई.

आमच्या महालक्ष्म्यांचा स्वयंपाक ताईंचाच. नैवेद्य दाखवेपर्यंत काही चाखायचं नाही, हा घरचा नेम. ताई कढईवर नुसत्या उभ्या राहायच्या. फोडणीचा तडतडाट ऐकायचा, कढीचा रंग बघायचा, वाफ तोंडावर घ्यायची आणि म्हणायचं, "अजून चिमूटभर मीठ." नवी होते तेव्हा मी चिडवलं होतं, "ताई, देवाच्या आधी वास घेतलेला चालते काय?" तर म्हणाल्या, "मी कुठी घेऊन राह्यली? वाफच येते माह्याकडे. तिले कोन अडवीन?"

मग एका तापात त्यांचं नाक गेलं. ताप उतरला, वास काही परतला नाही. "जिभेले खारट समजते, आंबट समजते, पन कढी काही लागत नाही," म्हणायच्या. डॉक्टरांनी समजावलं, चव एकट्या जिभेची नसते. नाक, डोळे, कान सगळ्यांच्या खबरा मेंदू एकत्र करतो, तेव्हा कुठे कढीची कढी होते. ताई तिथे हसल्या. पण सण जवळ आला तशा गप्प गप्प राहू लागल्या. "औंदा चूल तू सांभाळ. न चाखता मले आता काय समजन?" त्या चुलीपासून ताईंना उठलेलं मला बघवणारच नव्हतं. म्हटलं, "तुमीच करा. वास मी सांगीन."

तेव्हापासून सणालाच नाही, रोजच्या स्वयंपाकातही कान-डोळे त्यांचे, नाक माझं. मी पाल्हाळ लावलं की ओरडायच्या, "कीर्तन नको करू, मीठ सांग!" एकदा माझ्या भरवशावर कढी पार अळणी झाली. पाहुणे मुकाट्याने जेवले. "सर्दी झालती काय तुले?" म्हणून ताई ओट्याला टेकून किती वेळ हसत होत्या...

यंदा दुखवटा, म्हणून महालक्ष्म्या बसल्या नाहीत. परवा साधीच कढी टाकली. चाखायला कुणाची बंदी नव्हती. तळहातावर थेंब घेतला आणि हात तोंडाकडे जाईना. कढी ढवळता ढवळता मी मोठ्याने बोलू लागले, "ताई, ताक अजून कच्चं हाय... आता अद्रकाचा वास वर आला..."

पाठीमागे चाहूल लागली. दारात भाऊजी होते, ताईंचे यजमान. आमच्याकडे भासऱ्यांपुढे, म्हणजे थोरल्या दिरांपुढे, मोठ्याने बोलायची रीत नाही. इतक्या वर्षांत आमचं बोलणं 'जेवायला वाढलं'च्या पुढे गेलेलं नव्हतं. मी पदर सावरून गप्प झाले. ते उंबऱ्याशीच खाली बसले.

"थांबू नको," म्हणाले. "बाहेरच्या खोलीत मले रोज ऐकू यायचं हे... सांगत राह्य."

कढीला उकळी फुटेपर्यंत मी सांगत राहिले.