चौथा खांदा

आमच्या दिवा गावातल्या इमारतीचं पाणी कोण बंद करतं, हे सगळ्यांना ठाऊक होतं. तळमजल्यावरचा सहदेव. पाणीखात्याच्या ठेकेदाराकडे तो चावीवाला आहे, म्हणजे रस्त्याखालचे व्हॉल्व्ह उघडायचे आणि बंद करायचे हे त्याचं काम. लांबलचक लोखंडी चावी खांद्यावर टाकून तो सकाळी निघतो. आमच्या लाइनचा व्हॉल्व्ह ठरल्यापेक्षा चार फेरे कमी उघडतो. नळाला करंगळीएवढी धार येते, आणि दहाच्या सुमारास देवरामभाऊंचा टँकर दारात हजर होतो. टँकरवर हात जोडलेल्या भाऊंचा फोटो. आणि रांगेत हंडा घेऊन उभी असते ती कांता, सहदेवचीच बायको!

देवरामभाऊ म्हणजे आमचे माजी नगरसेवक. गावाचं तळं बुजवून त्यांनी त्यावर इमारती उठवल्या, त्यात आमचीही एक. तळं गेलं, विहिरी आटल्या, मग टँकर आले. टँकर मेव्हण्याच्या नावावर, फोटो स्वतःचा.

मी पस्तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं. बसल्या फांदीवर कुऱ्हाड चालवणारा माणूस मुलांना गोष्टीत सांगितला होता, तो म्हातारपणी माझ्याच जिन्याखाली निघेल असं वाटलं नव्हतं. मला सहदेवचा राग यायचा, पण रागापेक्षा कुतूहल मोठं. लोक म्हणत, त्याला हप्ता मिळतो. मला पटेना, कारण हप्ता खाणाऱ्याच्या घरातला पंखा असा खडखडत नाही. कुणी म्हणे, घाबरतो. पण घाबरणारा माणूस भाऊंच्या वाढदिवसाला उपास धरेल? सहदेव धरायचा. निर्जळी. पाणी तोडणाऱ्यासाठी पाणी न पिता राहायचं, यावर हसावं की रडावं मला कळत नसे.

शेवटी गेल्या उन्हाळ्यात मीच तक्रारअर्ज लिहिला. चाळीस घरांनी सह्या केल्या. चौकशी लागली. साहेबांनी सहदेवला बजावलं, सोमवारपर्यंत लेखी जबाब दे. कुणाच्या सांगण्यावरून पाणी कमी सोडलंस ते लिही, तुझी नोकरी वाचेल. नाहीतर घरी बस.

कांता धावत वर आली. तिचं पोटाचं ऑपरेशन होऊन तीन महिने झाले होते, तरी हंडे तिच्याच कमरेवर. "बाई, तुम्ही समजवा ह्यांना. भाऊंचा माणूस फोन करून सांगतो, आज एवढे फेरे कमी. मी माझ्या कानांनी ऐकलंय. पण हे नाव घ्यायला तयार नाहीत. नोकरी गेली तर आम्ही खाणार काय?"

"पाठव त्याला," मी म्हटलं. मला तर संधीच हवी होती.

रविवारी दुपारी सहदेव आला तो कोरा कागद घेऊनच. चप्पल बाहेर काढली, खुर्चीच्या टोकावर बसला.

"बाई, तक्रार तुम्ही लिहिलीत, तर जबाबही तुम्हीच लिहा. तुमचं अक्षर चांगलंय."

या माणसाच्या भाबडेपणाला काय म्हणावं! मी पेन उघडलं. "सांग."

"लिहा. पाणी मी स्वतःच्या मर्जीने कमी सोडलं. मला कोणीही सांगितलेलं नाही."

मी पेन खाली ठेवलं. "सहदेव, व्हॉल्व्ह कोण फिरवतं?"

"मी."

"फोन कुणाच्या माणसाचा येतो?"

त्याने कागदाची दुमडलेली कड सरळ केली.

"बरं, मग टँकर कुणाचा येतो?"

"भाऊंचा," त्याचा चेहरा उजळला. "तेच तर ना बाई. भाऊ नसते तर लोकांनी पाणी कुठून आणलं असतं?"

वर्गात एखादा मुलगा उत्तर चुकला की चूक कुठे झाली ते मला लगेच दिसायचं. इथे चूक दिसत होती, पण ती त्याला दाखवायची कशी ते सुचेना. मी सरळ विचारलं, "तुझी बायको टाके पडलेल्या पोटाने हंडे उचलते. तरी तू या माणसासाठी नोकरी घालवणार? का रे? मला खरंच समजून घ्यायचंय."

सहदेव खुर्चीत मागे सरकून बसला. मग म्हणाला, "त्यांनी माझ्या बापाला खांदा दिलेला."

गोष्ट अशी. सहदेव संगमेश्वरकडचा. वडिलांना उपचारासाठी इथे आणलं आणि ते पंधरा दिवसांत गेले. "मी पुढे विस्तवाचं मडकं धरणार. तिरडीला चार जण लागतात. होते तिघंच. माझा मेव्हणा संदेश, गावचा गुणाजी आणि बांबूवाल्याचा पोऱ्या. नवीन बिल्डिंग, कोण कोणाला ओळखत नाय. बापाला दारात ठेवून अर्धा तास थांबलेलो. आणि भाऊ आले. काय बोलले नाहीत. चप्पल काढली नि खांदा लावला. स्मशानापर्यंत बदलला नाही, बाई. त्यांनी माझा बाप उचलला, मी त्यांचं नाव कागदावर घालू?"

आता मला एक गोष्ट माहीत होती. माझी चौकशी चालूच असते ना. मी म्हटलं, "सहदेव, तिरडीचं सामान विकणाऱ्या दुकानदाराला भाऊंनी सांगून ठेवलंय. सामान गेलं की फोन कर. ते सगळ्यांकडेच जातात. तो त्यांचा धंदा आहे."

मला वाटलं, आता हा ढासळेल. तो शांतपणे म्हणाला, "माहितीये. पण बाई, फोन आला तरी येतं कोण? त्यात त्या दिवशी वर्ल्डकपची फायनल. भाऊंनी मैदानात मोठा पडदा लावलेला. तो सोडून आलेले."

"कुठली फायनल?"

"दोन हजार अकराची. आपण जिंकलो ती."



तो दिवस मला लख्ख आठवत होता. माझे यजमान तेव्हा होते. मॅच दुपारची, पण सकाळीच त्यांनी खुर्ची टीव्हीसमोर ओढली होती. आपण जागेवरून उठलो की समोरचा चौकार मारतो, अशी त्यांची पक्की समजूत. खालून रडण्याचा आवाज आला तेव्हा मी म्हटलं होतं, "जाऊन येता का?" ते म्हणाले, "इनिंग संपू दे." मग आवाज वाढला, म्हणून दार लावून घेतलं. दार मी लावलं होतं. ते कोण लोक, कुठले, मी पुढे कधी विचारलंही नाही. सगळ्या गोष्टींचं कुतूहल असणारी मी बाई.

मी म्हटलं, "सहदेव, हे त्या दिवशी घरातच होते."

"माहितीये बाई," तो म्हणाला. "तिरडी बांधताना वरून मॅच ऐकू येत होती. विकेट पडली की सर ओरडायचे."

"चौदा-पंधरा वर्षांत कधी बोलला नाहीस?"

"काय बोलणार? राग नव्हता. आम्ही कोण तुमचे तेव्हा?" त्याने कागद माझ्याकडे सरकवला. "लिहा ना."

मला त्याला पुष्कळ सांगता आलं असतं. एका खांद्यासाठी माणूस आयुष्यभर मिंधा राहत नसतो, तुझ्या बायकोलाही खांदा आहे, तो रोज दुखतो. सगळं खरं होतं. पण ते सांगायचं तोंड मला उरलं नव्हतं. मी पेन पुन्हा उचललं. त्याने सांगितलं तसं मी लिहिलं, सुवाच्य अक्षरात, आणि त्याने खाली सही केली.

मंगळवारी त्याची चावी काढून घेतली. नव्या चावीवाल्यालाही फोन येतच असणार, कारण धार तेवढीच राहिली. सहदेव आता टँकरवर पाइप धरून उभा असतो. भाऊंनीच ठेवून घेतलं. भाऊ किती मोठ्या मनाचे, हे तो रांगेतल्या प्रत्येकाला सांगतो.

परवा रांगेत कांता माझ्या पुढे होती. हंडा जमिनीवर ठेवून वळली. "बाई, त्या दिवशी तुम्ही विचारलंत ना ह्यांना, का म्हणून? काय म्हणाले?"

सहदेव पाइप घेऊन चार हातांवर उभा होता. मी तिचा भरलेला हंडा उचलला. बहात्तराव्या वर्षी झेपेल तसा, दोन्ही हातांनी.

"तुझे सासरे गेले तेव्हा एक माणूस कमी पडला होता," मी म्हटलं. "तो आमच्या घरात बसला होता. आणि दार मी लावलं होतं."