नदीच्या वळणावरचं लोखंड

हे मी अजून कुणापाशी बोललेलो नाही. सुनंदापाशी, म्हणजे माझ्या बायकोपाशीही नाही — तिला तर सांगूच शकत नाही, कारण गोष्ट तिच्या सख्ख्या भावाची आहे. तुम्हाला सांगतोय तेही दुकानाचं शटर अर्धं खाली ओढून, दुपारच्या सुट्टीत. मधेच कुणी आलं तर थांबेन. मग परत सुरू करायची हिंमत होईल का, ठाऊक नाही.

आधी हसून घ्या. गोष्ट एका खेळाची आहे, कम्प्युटरवरच्या. चाळिशी ओलांडलेला माणूस, वर्ध्याजवळ पिपरी मेघेत इलेक्ट्रिकचं दुकान, डोक्यावर जेमतेम केस — आणि भितो कशाला, तर खेळाला. मला कुणी सांगितलं असतं तर मीही हसलो असतो. पण फोन वाजला आणि पडद्यावर सुनंदाच्या भावाचं नाव, ‘प्रमोद आंजी’, दिसलं की आजही मी फोन पालथा करून ठेवतो, हे खोटं नाही.

खेळ साधा आहे. आपल्या पाळीला आपण चाल करायची, मग समोरच्याची पाळी. घाई नाही. एक टोळी घेऊन निघायचं, गावं वसवायची, शेती करायची, फौज उभी करायची आणि शेजारच्या राज्यांना पुरून उरायचं. सुरुवातीला सगळा नकाशा काळा असतो. आपली माणसं जिथवर चालत जातील तिथवर तो उजळतो. पुढे काय आहे — डोंगर, पाणी की शत्रू — काही कळत नाही. त्या काळ्याचीच मला पहिल्यापासून धास्ती वाटायची. आता वाटतं, सगळं तिथूनच सुरू झालं असेल का?

आमचा एक ग्रुप होता. मीच काढलेला. वर्ध्याचे, हिंगणघाटचे, आर्वीचे, दोनचार नागपूरचे. महिन्याला आमचा ‘साझा मॅप’ असायचा. एकानं नकाशा तयार करायचा, फाइल सगळ्यांना पाठवायची, आणि सगळ्यांनी त्याच जागेपासून, तोच डाव आपापल्या घरी खेळायचा. शेवटी एका रविवारी सगळे आपल्या डावाचे फोटो टाकायचे आणि सांगायचे, कुठं काय केलं, काऊन केलं. खरी मजा त्यातच. रान एक, वाटा दहा.

नियम मीच लिहिले होते, मोठ्या शिस्तीनं. चाल चुकली तरी मागे जायचं नाही. रविवारपर्यंत नकाशाबद्दल कुणाशी बोलायचं नाही. आणि नकाशा आधी उघडून बघायचा नाही — ज्यानं बनवला त्यानंही नाही; त्यानं फक्त सुरुवातीचा कोपरा तपासायचा, सगळे वाळवंटात उतरत नाहीत ना एवढ्यापुरता. बघितलाच कुणी तर ग्रुपबाहेर. आणि पकडणार कोण? कुणीच नाही. सगळा मामला विश्वासावर.

प्रमोद हा सुनंदाचा धाकटा भाऊ. आंजीला शेती, कापूस आणि तूर. स्वभावानं गरीब, पण खेळायला बसला की मोठा हुशार. त्याला हा नाद मीच लावला आणि ग्रुपमध्येही मीच आणला. तो मला भाऊजी म्हणतो. आता तुम्हाला आमच्याकडची रीत माहीत असेल-नसेल — जावयाला चारचौघांत कुणी खाली पाहायला लावत नाही. जावई बोलला ते बरोबर. चुकलाच तर घरातल्या घरात, बायकोच्या कानावर घालतात, तेही घाबरत घाबरत. बाहेर शब्द जात नाही. हे मला माहीत होतं. हे मला चांगलं माहीत होतं, एवढं ध्यानात ठेवा.

त्या महिन्यात नकाशा बनवायची पाळी माझी होती. त्याआधी मी सारखा हरत होतो. पोरं ग्रुपवर चेष्टा करायची, ‘दादा थकले’ म्हणायची. चेष्टाच ती — पण मला झोंबायची. आपणच काढलेल्या ग्रुपात आपण अडगळ होऊन राहिलोय असं वाटायचं. म्हणून मी — कसं सांगू? — सुरुवातीचा कोपरा तपासायला फाइल उघडली. तिथं एक बटण असतं. दाबलं की सगळा काळोख निघून जातो.

दाबलं.

सगळं दिसलं. शेजारी कुठं आहेत, समुद्र कुठं संपतो, आणि लोखंड कुठं आहे. त्या खेळात लोखंड आधी दिसत नाही. आपली माणसं धातू वितळवायला शिकली की मगच दिसतं. तलवारी त्याच्याच. ज्याच्या हद्दीत लोखंड त्याचा डाव. त्या सगळ्या भागात ते एकाच ठिकाणी होतं — नदीच्या वळणावर, एका उघड्याबोडक्या टेकाडाखाली. तिथं ना पीक, ना मासळी. शहाणा माणूस तिथं गाव वसवणार नाही.

मीही वसवलं नाही. मी शहाजोग. मी नकाशावरचा एक चौकोन, म्हणजे एक घर सोडून शेजारी वसलो, हिरव्या जागेत, म्हणजे लोखंड हद्दीत येईल आणि कुणाला शंका येणार नाही. केवढी हुशारी, नाही?

आणि मग प्रमोद दुकानात आला. गावाकडून तुरीच्या शेंगा घेऊन आला होता बहिणीसाठी. लॅपटॉप सोबत होता, चार्जर बिघडलेला, तो दाखवायला. मी चार्जर बघत होतो आणि तो काउंटरवर डाव उघडून बसला. दुसरं गाव समुद्रकाठी वसवायला निघाला होता. चांगली जागा होती, मासळीची. मी चष्म्यावरून पाहिलं आणि बोलून गेलो, “तिथं कशाला? नदीच्या वळणावर बसव. त्या टेकाडावर.”

का बोललो? माया होती म्हणू? थोडी असेल. पण खरं सांगायचं तर रुबाब होता. साळ्यापुढे जावयाचा रुबाब. मला सगळं दिसतं, असा. तो हसला, “तिथं तं काहीच नाई, भाऊजी,” म्हणाला. मी म्हणालो, “मी सांगतो ना.” त्यानं बसवलं. एका शब्दानं विचारलं नाही.

रविवारी फोटो पडले. प्रमोद पहिला आला होता. नवखा माणूस, पहिला! पहिला येणाऱ्याला पुढचा नकाशा बनवायचा मान मिळायचा, आणि त्यानं आधीच मला सांगून ठेवलं होतं, आपली धाम नदी काढणार म्हणून. दुपारी ग्रुपवर अभिनंदन चाललं होतं. तेवढ्यात हिंगणघाटच्या नीलेशनं विचारलं. नीलेश बारीक नजरेचा, पण वाईट मनाचा नाही. त्यानं लिहिलं, “प्रमोदभाऊ, समुद्र सोडून तुम्ही त्या टेकाडावर काऊन बसले? लोखंड तं तवा दिसतच नव्हतं.”

माझी पाचावर धारण बसली. समोर गिऱ्हाईक उभं होतं, वायरचं बंडल मागत होतं. मी त्याला होल्डर काढून दिला. बाकीचेही विचारू लागले. कुणी गमतीनं, कुणी गमतीनं नाही. प्रमोदचं उत्तर येईना.

मग माझा फोन वाजला. त्याचाच.

तो कशाला फोन करतोय हे मला त्याच क्षणी कळलं होतं. त्याला विचारायचं होतं — सांगू का, भाऊजी, तुम्ही म्हटलं होतं म्हणून? जावयाचं नाव घ्यायची परवानगी मागत होता तो. दुसरं काय असणार? काउंटरवर फोन थरथरत होता आणि मी त्याच्याकडे बघत उभा होतो. गिऱ्हाईक म्हणालं, “उचला ना, घरचा दिसते.” मी उचलला नाही. वाजून वाजून बंद पडला. थोड्या वेळानं ग्रुपवर प्रमोदचं उत्तर आलं: “सहज बसवलं.”

एवढंच. आणि सगळे माझ्या निकालाची वाट पाहू लागले, कारण नियम माझे. तेव्हा तरी बोलता आलं असतं. नुसतं ‘मी सांगितलं होतं’ एवढं लिहिलं असतं तर? पण मग पुढचा प्रश्न आला असता — दादा, तुम्हाला कसं माहीत? मग माझे फोटो पुन्हा नीट पाहिले गेले असते, आणि एक घर सोडून वसलेलं माझं गाव सगळ्यांच्या नजरेत आलं असतं. मी घाबरलो. घामानं बोटं ओली झाली होती. त्याच बोटांनी लिहिलं, “नियम सगळ्यांना सारखे. घरचा माणूस असला तरी.” आणि प्रमोदला ग्रुपमधून काढून टाकलं.

लोकांनी माझं केवढं कौतुक केलं! मानलं तुम्हाला दादा, म्हणाले. सख्ख्या साळ्याला सोडलं नाही, म्हणाले. मी हात जोडल्याचं चित्र पाठवलं.

त्यानंतर भीती घरात राहायलाच आली. सुनंदा भावाशी फोनवर हळू बोलू लागली की मी टीव्हीचा आवाज कमी करायचो. नीलेशचा साधा गुड मॉर्निंग आला तरी मी तो दोनदा वाचायचो. त्यानं जुने फोटो पुन्हा काढून पाहिले असतील तर? आंजीला जायचं टाळता येईल तेवढं टाळलं. आणि गेलो की प्रमोद पहिल्यासारखाच पुढे येऊन पिशवी घ्यायचा, पाणी द्यायचा. एकदाही विषय नाही. तो चिडला असता तर मला बरं वाटलं असतं. त्याच्या त्या न बोलण्याची मला इतकी भीती वाटायची की मी त्याच्या घरी पोटभर जेवलो नाही.

इथपर्यंतच असतं तर कदाचित मी हे सांगितलंही नसतं. पण अजून आहे.

मागच्या हिवाळ्यात नीलेशचा फोन आला. “दादा, झालं गेलं. प्रमोदभाऊले परत घेऊ. फक्त एकदा चुकलं म्हणून बोलू द्या, बस.” मनात म्हटलं, आता सांग. तोंडातून निघालं, “मी बोलतो त्याच्याशी.”

रविवारी मी आणि सुनंदा आंजीला गेलो. वैशालीनं, प्रमोदच्या बायकोनं, वडाभात केला होता. पानं घ्यायच्या आधी, सुनंदा आत असताना, मी त्याला नीलेशचा निरोप सांगितला. त्यानं चटईची एक काडी उपसली. मग माझ्याकडे बघून म्हणाला, “त्याहिचं समजलं. तुमची काय इच्छा हाय, भाऊजी?”

कळतंय ना तुम्हाला, त्यानं काय विचारलं ते? दार उघडून धरलं होतं त्यानं. मी म्हणालो, “संपवून टाक बाबा एकदाचं.”

त्यानं तिथंच फोन लावला. स्पीकर सुरू केला, मला ऐकू यावं म्हणून. “नीलेशभाऊ, चुकलं माहं. मी नकाशा आधीच पाह्यला होता.” पलीकडून नीलेश मोठ्या मनानं हसला, ग्रुपात येऊन जा म्हणाला. प्रमोदनं फोन ठेवला आणि आम्ही दोघांनी वर पाहिलं. दारात वैशाली उभी होती, हातात भाताचं पातेलं.

तिला त्यानं आजवर एवढंच सांगितलं होतं की मी काही केलं नाही. कुणाचं नाव न घेता. आणि तिनं तेवढ्यावर विश्वास ठेवला होता. सगळ्या जगात तिनं एकटीनं.

“मंग मले काऊन खोटं सांगतलं?” ती म्हणाली.

त्यानं उपसलेली काडी परत चटईत खोचली. मी मूग गिळून बसलो. तिच्या डोळ्यांत पाणी आलं, ते तिनं खांद्याला पुसलं आणि खाली बसून वाढायला घेतलं — पहिल्यांदा मला, जावई म्हणून. मी ताट पुढे केलं. भात घेतला, त्यावर वडा कुस्करून घेतला, फोडणीचं तेल घेतलं. तिनं आग्रह केला तेव्हा पुन्हा घेतला.

प्रमोद ग्रुपमध्ये परत आला, पण खेळत नाही. अधूनमधून आम्ही आंजीला जातो. परवाही गेलो होतो. तो शेतावरून आला, मोटर बंद करून आलो म्हणाला. वैशालीनं भाजी निवडता निवडता विचारलं, “खरं ना?”

हल्ली ती प्रत्येक गोष्टीला विचारते. मोठ्यानं नाही, भांडून नाही. “खरं ना?” आणि तो “हो” म्हणतो, हातपाय धुवायला जातो. दर वेळी मी त्याच्याकडे बघतो, जीव मुठीत धरून — आज सांगेल, आता सांगेल. तो माझ्याकडे बघत नाही. ती पुन्हा भाजी निवडायला लागते, आणि मी तिथंच खुर्चीवर बसलेला असतो.