उसन्या आवाजाचं पाखरू

माझ्या नणंदेला सगळे बेबी म्हणतात. पन्नाशी उलटली, गुडघे कुरकुरायला लागले, पण बेबी ती बेबीच. खाली तिचं दुकान, वर आमचं घर. घरात आम्ही तिघं: मी, आमचे हे आणि बेबी. बेबीने लग्न केलं नाही. का नाही केलं असं कोणी विचारलं, की मी विचारते, तुम्ही का केलंत ते आधी सांगा. मग विचारणारा मुकाट्याने चहा संपवून निघतो.

दुकान म्हणजे जुन्या खुर्च्या आणि सोफे पुन्हा भरून द्यायचं. सासऱ्यांनी दोन्ही मुलांना ते काम शिकवायला घेतलं होतं. आमच्या ह्यांनी आठवड्याभरात तीन बोटं ठेचून घेतली आणि चष्म्याच्या दुकानात नोकरी धरली. बेबी मात्र टिकली. कोणाची बैठक खचली, स्प्रिंग टोचायला लागली, की खुर्ची बेबीच्या दारात येते. ती जुनं कापड सोलते, काथ्या उपसते, स्प्रिंगा सुतळीने नव्याने बांधते आणि वरून कापड ताणून ठोकते. ठोकताना एक हात कापडाला लागतो, दुसरा हातोडीला, म्हणून बारीक खिळे ओठांत धरायचे आणि जिभेने एकेक पुढे सरकवायचा. बाकीच्या कारागिरांनी कधीच पिना मारायचं यंत्र घेतलं. बेबीने घेतलं नाही. हाताने ठोकलेलं जास्त टिकतं असं ती दाखवते, पण खरी गोष्ट वेगळी आहे. तोंडात खिळे असले की माणसाला कोणी बोलायला सांगत नाही.

कारण बेबी बोलताना अडखळते. अगदी लहानपणापासून. शब्दाचं पहिलं अक्षर येतं, पुन्हा येतं, पुन्हा येतं, आणि बाकीचा शब्द मागे अडकून राहतो. तेवढा वेळ थांबायची लोकांची तयारी नसते. वाण्यापासून डॉक्टरपर्यंत ज्याला त्याला तिचं वाक्य पुरं करायची हौस. आणि बेबीचा स्वभाव असा, की समोरच्याने जो शब्द घातला त्याला मान डोलवून मोकळी. एकदा तिचा गुडघा सुजला. डॉक्टरांनी विचारलं, कोणता दुखतो? हिला म्हणायचं होतं, डावा नाही, उजवा. ही ‘डा… डा…’ करतेय तोवर त्या भल्या माणसाने डाव्या गुडघ्याला पट्टी बांधलीसुद्धा. बाईसाहेब घरी आल्या त्या चांगल्या गुडघ्याला पट्टी बांधून, दुखऱ्या पायाने लंगडत. मी कपाळावर हात मारून घेतला. तशीच तिला घेऊन परत गेले आणि डॉक्टरांना जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही.

बेबीची वाक्यं पुरी करण्यात पहिला नंबर मात्र आमच्या ह्यांचा. बहिणीवर त्यांचा जीव आहे. तिला त्रास नको म्हणून ती तोंड उघडते न उघडते तोच हे बोलून मोकळे होतात. तिला भूक नाही हे ह्यांना माहीत, तिला निळं कापड नको हेही ह्यांनाच माहीत. बेबी आपली ‘दा… दा…’ म्हणते आणि गप्प बसते.

ह्यांना आणखी एक नाद आहे. रविवारी दुपारी टेबलाभोवती बसून खेळायचा एक खेळ. एकाने गोष्ट सांगायची, तो सूत्रधार. बाकीच्यांनी गोष्टीतलं एकेक पात्र व्हायचं, आणि पात्राला एखादी गोष्ट जमते का हे फासा टाकून ठरवायचं. राक्षस, गुहा, खजिने, सगळा कारभार. सूत्रधार अर्थात आमचे हे. समोरच्या घरातला वायरमन त्यात जादूगार असतो. माणसं कमी पडतात म्हणून मला ओढलं. मी कुऱ्हाडवाली. राग नाकावर, आधी घाव आणि मग चौकशी. पात्र निवडायला मला फार विचार करावा लागला नाही.

खेळ चालायचा बेबीच्या दुकानात, कारण तिच्या कापड कापायच्या टेबलाएवढं मोठं टेबल आमच्या घरात नाही. आम्ही फासे फेकायचो आणि बेबी कोपऱ्यात काथ्या पिंजत ऐकत बसायची. मग आमच्यातल्या एका मास्तरांची बदली झाली आणि चौथी खुर्ची रिकामी पडली. ह्यांनी खेळाचं पुस्तक तिच्यापुढे उघडून ठेवलं. ‘बेबी, तू बस. बोलायचं काही नसतं, मी आहे ना.’

पुस्तकात नाना जातींची माणसं होती. लांब कानांची देखणी, दाढीवाली बुटकी, शेपटीवाली. बेबीने पानं उलटली आणि एका चित्रावर बोट ठेवलं. माणसासारखं उभं राहणारं पाखरू. चोच, अंगभर काळी पिसं, हातांना पंजे. पंख नाहीत, त्यामुळे उडता येत नाही. मला ते ध्यान मुळीच आवडलं नाही. मी म्हटलं, ‘अगं, इतक्या छान छान बायका आहेत त्यात.’ बेबीने बोट खालच्या ओळीवर सरकवलं. ह्यांनी वाचून दाखवलं. ह्या जातीला स्वतःचा आवाज नसतो. जे कानावर पडलं तेच, ज्याच्या तोंडून ऐकलं त्याच्याच आवाजात, ती बोलू शकतात.

मग आमच्या टेबलाचा नियम ठरला. बेबीचं पाखरू फक्त तेवढंच बोलेल, जे टेबलावरच्या कोणीतरी कधीतरी बोललेलं असेल.

पहिल्याच रविवारी आमची टोळी एका पुलाशी पोचली. पहारेकऱ्याने भाला आडवा धरून विचारलं, कोण तुम्ही? वायरमन मंत्र शोधत होता, मी कुऱ्हाड उचलत होते. तेवढ्यात माझ्या शेजारून माझाच आवाज आला. ‘आधी चपला बाहेर काढा, मग काय ते बोला!’

सकाळी वायरमनला मी जे सुनावलं होतं तेच, शब्दाला शब्द, माझ्याच तोऱ्यात. एकही अक्षर अडलं नाही. आमचा वायरमन इतका हसला की चहा त्याच्या नाकातून आला. हे मात्र हसले नाहीत. त्यांनी चष्मा काढला आणि बहिणीकडे बघत राहिले. एवढ्या वर्षांत तिचं एक सलग वाक्य त्यांनी ऐकलं नव्हतं. मला तर दोन धक्के बसले. एक म्हणजे बेबी बोलली. दुसरा म्हणजे मी इतकी खेकसते हे मला कोणी आजवर सांगितलं नव्हतं.

त्यानंतर आमची काही खैर नव्हती. बेबीचे कान आठवडाभर आमच्या तोंडाला लागलेले, आणि रविवारी ती एकेक वाक्य बाहेर काढायची. चोर खजिन्यापाशी आले तर वायरमनच्या आवाजात, ‘हात लावू नका, करंट आहे.’ एका डोळ्याचा राक्षस अंगावर धावून आला तर ह्यांच्या दुकानातल्या गोड आवाजात, ‘आता खालची ओळ वाचा बघू.’ राक्षस म्हणजे पुन्हा आमचे हेच. हसून हसून त्यांना फासा उचलता येईना. बेबीचे डोळे असे चमकायचे की मी खेळ सोडून तिच्याकडेच बघत बसायचे.

मी तिला एकदा सुचवलं, ‘अगं, वाण्याकडेही माझा आवाज काढ की. चळाचळा कापेल.’ तिने मान हलवली. ‘ते खे… खेळातलं,’ म्हणाली.

आता आमच्या ह्यांचं डोकं. माणूस प्रेमळ आहे, पण प्रेमात आला की विचारायचं राहून जातं. ते महिनाभर एका प्रसंगाची तयारी करत होते. टोळी डोंगरातल्या एका झऱ्याशी पोचणार आणि तो झरा ज्याला जे कमी आहे ते देणार. रविवार उजाडला. वायरमनच्या आंधळ्या जादूगाराला डोळे मिळाले, माझ्या कुऱ्हाडवालीला शांत झोप मिळाली. मग हे बेबीकडे वळले. आवाज आधीच भरून आला होता. ‘आणि पाखरा, तुला झऱ्याने दिला तुझा स्वतःचा आवाज. आता उसन्या आवाजांची गरज नाही. ते गेले. बोल, काय बोलतेस?’

आम्ही सगळे बेबीकडे बघत राहिलो. तिने खिळ्यांचा डबा जवळ ओढला, चिमूटभर खिळे ओठांत धरले, उठली, आणि कोपऱ्यातल्या एका खुर्चीचं कापड ठोकायला लागली. त्या खुर्चीचं काम आदल्या दिवशीच संपलं होतं.

पुढच्या रविवारी तिला काम होतं. त्याच्या पुढच्याही. आमच्यासाठी टेबल रिकामं करून द्यायची आणि स्वतः वर जाऊन पडून राहायची.

मी ह्यांना फैलावर घेतलं. ‘तुम्ही तिचं तोंड उघडलंत की बंद केलंत?’

‘मी तर चांगलंच करायला गेलो,’ हे म्हणाले. ‘बाकीच्यांना सगळं मिळणार आणि तिला नाही, हे बरं दिसतं का?’

मग मी दुकानात गेले. म्हटलं, ‘आधी ते खिळे काढ.’ तिने एकेक करून हातावर काढले. मी स्टुलावर बसले आणि पहिल्यांदाच काही न बोलता बसले.

‘माझा आवाज मला मा… माहीतच आहे, वहिनी,’ ती म्हणाली. ‘रोज तोच अ… असतो. रविवारी तेवढी सु… सुट्टी होती.’

बाईला आयुष्यात एक जागा सापडली होती जिथे तिला मनमुराद बोलता येत होतं, आणि आम्ही हसत हसत ती काढून घेतली होती. वर आले आणि ह्यांना सांगितलं.

आमच्या टेबलाचा एक जुना नियम आहे. गोष्टीत जे घडलं ते घडलं. फासा पडला, शब्द गेला, की पुसायचं नाही. बदलायचं तर गोष्टीतच, आपल्या पात्राच्या तोंडून बदलायचं. वायरमनचा पहिला जादूगार पाण्यात बुडाला तेव्हा तो अक्षरशः रडला होता, तरी ह्यांनी पुसलं नाही. पण आता हेच म्हणाले, ‘मी पुसतो. झरा नव्हताच.’ वायरमन म्हणाला, ‘नियम गेला खड्ड्यात. बेबीताईंना बोलवा.’

बेबी आली. ह्यांनी तोंड उघडलं तेवढ्यात तिने हात वर केला. ‘नि… नियम म्हणजे नियम,’ म्हणाली आणि खुर्ची ओढून बसली. ‘पाखरू मा… मागेल.’

परत मागायचं म्हणजे बोलावं लागणार, आणि बोलायचं म्हणजे ह्याच आवाजात, सगळ्यांसमोर. हे झरा झाले. हळूच म्हणाले, ‘बोल पाखरा, काय हवंय?’

बेबीने सुरुवात केली. ‘हा आ… आ… आ…’

पुढचा शब्द आम्हा तिघांनाही माहीत होता. ह्यांचे ओठ सवयीने हललेच. वायरमनने टेबलाखालून त्यांच्या पायावर पाय दिला. मी जीभ दातांत धरली. बेबी थांबली, श्वास घेतला, पुन्हा सुरू झाली. कपातल्या चहावर साय धरली. कोणी कप उचलला नाही.

‘हा आवाज प… परत घे,’ ती म्हणाली. ‘मला को… कोणी विचारलं नव्हतं.’

‘का नको?’ झऱ्याने विचारलं.

‘ह्या आवाजाला सगळे घा… घा… घाई करतात.’

ह्यांना झऱ्याचा विसर पडला. ‘मी पण?’

बेबीने भावाकडे सरळ बघितलं. ‘तू स… सगळ्यात जास्त, दादा.’

हे रडले. लपवलंही नाही. मग शर्टाच्या बाहीने तोंड पुसून म्हणाले, ‘घेतला परत.’

तेवढ्यात टेबलाच्या त्या टोकावरून ह्यांचाच रडवेला आवाज आला, हुबेहूब. ‘मी पण?’ आणि बेबी खुदकन हसली. वायरमनने टेबलावर डोकं टेकलं. हे रडता रडता हसायला लागले आणि आमचा सगळ्यांचा जीव भांड्यात पडला.

त्यानंतर बेबी काही घडाघडा बोलायला लागली नाही. अडखळते तशीच अडखळते. फरक पडला तो घरात. ती बोलायला लागली की आमचे हे दोन्ही हात मांडीखाली दाबून बसतात, जणू शब्द हातांतूनच निसटणार आहेत. मला जास्त जड जातं. माझा स्वभाव तुम्हाला आतापर्यंत कळलाच असेल.

परवा सकाळी मी ओट्याकडे पाठ करून भाजी चिरत होते. दारात बेबी येऊन उभी राहिली. दोन्ही हातांत भली मोठी गादी, त्यामुळे तिला बोट दाखवता येत नव्हतं.

‘वहिनी, दू… दू…’

मला लगेच वास आला. पाठीमागे चर्र झालं तेही ऐकू आलं. हात आपोआप मागे जायला निघाला होता. मी सुरी खाली ठेवली, तिच्याकडे तोंड केलं आणि थांबले.

‘दू… दू… दूध उतू चाललंय,’ ती म्हणाली.

‘बरं,’ म्हटलं, आणि वळून गॅस बंद केला. अर्धं पातेलं ओट्यावर होतं.

बेबीने गादी खाली ठेवली. ‘तुला क… कळत होतं ना?’

‘कळत होतं.’

‘मग?’

‘तुझं बोलून व्हायचं होतं.’

ती फडकं घेऊन आली आणि ओटा आम्ही दोघींनी मिळून पुसला.