आठ खुणांचा कळप

शेळ्या पाळणारा माणूस सहलीला कुठं जाणार? मी मंगोलियाला गेलो. माणसांपेक्षा शेळ्या जास्त असलेला देश बघायचाच होता. निघताना धाराशिव स्टेशनवर बायको म्हणाली, "कुणीतरी गंडवून सोडंल बघा तुम्हाला." मीही तेच गृहीत धरून गाडीत बसलो.

मुंबई, दिल्ली, मग विमान बदलत उलानबातर. तिथं गाडी, चालक, दुभाष्या एकत्रच ठरवा, स्वस्त पडतं. आमचा गांबा चालकही होता आणि दुभाष्याही. फार हसायचा, म्हणून पहिल्या दिवसापासून मला त्याचा संशय. डांबर संपलं की माळावर नुसत्या चाकोऱ्या. जेवायला मटण, वर मीठ घातलेला दुधाचा चहा. शाकाहारी असाल तर कडक भाकरी आणि शेंगाची चटणी न्याच.

दुसरा मुक्काम ओयुनाच्या गेरमध्ये, म्हणजे लोकरीच्या जाड नमद्याच्या गोल तंबूत. साठीची बाई, एकटी. गांबा म्हणाला, मागच्या 'झुड'मध्ये हिचा सगळा कळप मेला. आधी कोरडा उन्हाळा, मग गवतावर बर्फाचा कडक थर, जनावरं उपाशी मरतात. पूर्वी हे क्वचित व्हायचं, आता सारखं होतं. कळप पुन्हा उभा राहिला नाही तर तिला शहराच्या कडेला, कोळशाच्या धुरात राहायला जावं लागणार.

सगळा मेला, मग समोर चरत होतं ते काय? मी सरळ शेळ्यांत शिरून कान बघितले. तिकडे प्रत्येक मालक कानाला आपली खाच पाडतो. इथं आठ तऱ्हेच्या खाचा! पर्यटकांना दाखवायला मागून आणलेला माल, माझी खात्रीच पटली.

"विचार, निम्म्यानं आणल्यात का?" मी गांबाला म्हणालो. आपल्याकडे शेळी सांभाळायला देतात आणि पिलं निम्मी मालकाची. हे गांबाला समजावताना नाकी नऊ आले.

ओयुनानं एकेक कान धरून शेळ्या देणाऱ्या आठ घरांची नावं सांगितली. मी विचारलं, परत काय द्यायचं?

"काही नाही. उद्या त्यांच्यावर वेळ आली तर मी देईन."

माझा कुठला विश्वास बसतो! परतताना त्यातल्या एका घराकडे गाडी वळवायला लावली. तो गडी म्हणाला, "दिल्या की. ती गेली तर या विहिरीवर आम्हाला शेजार कोण?" गांबानं पढवलं असेल, असं मला तेव्हाही वाटलं.

घरी आलो आणि सप्टेंबरात आमच्या ओढ्याला कधी नव्हे एवढा पूर आला. पलीकडच्या वस्तीवरच्या रुक्मिणबाईच्या पाचही शेळ्या वाहून गेल्या. ती ऊसतोडीला जाणार असं कळलं आणि मला राहवेना. दोन गाभण शेळ्या घेऊन तिच्या दारात गेलो.

"निम्म्यानं का, आण्णा?"

"न्हाय. तुमच्याच. ठेवून घ्या."

तिनं शेळ्यांकडं बघितलं, मग माझ्याकडं.

"आण्णा, खरं सांगा. ह्या शेळ्यायला काय झालंय?"

काही झालेलं नाही, हे मी परोपरीनं सांगितलं. मला इतकी लाज कधी वाटली नव्हती. शेवटी निम्म्यानंच ठेवा म्हणालो, तेव्हा कुठं तिनं दावी हातात घेतली.