खळीत मोरचूद होता का?

परवा सभेची पत्रकं चिकटवायला मैद्याची खळ शिजवली. तिच्या पिठूळ वासाबरोबर आंजी गावातलं आमचं स्वयंपाकघर डोळ्यांपुढे आलं.

मी सात वर्षांची होते. अक्षरं मी बाबांच्या दारूबंदीच्या पत्रकांवरच शिकले. पत्रकं बाबा चिकटवत, खळ आई शिजवी. कागद उंदरांनी खाऊ नये म्हणून त्यात विषारी मोरचूद टाकायचं काम माझं होतं.

त्या दुपारी माझी धाकटी बहीण पहिल्यांदाच माजघरातून चुलीपर्यंत रांगत गेली. आईनं पाहिलं तेव्हा तिची हनुवटी खळीनं माखलेली होती.

"मोरचूद टाकलता ना तू?" आईनं विचारलं.

खेळायला पळायच्या घाईत मी बाबांना "टाकला" म्हणून खोटंच सांगितलं होतं. आमच्या घरात खोट्याइतका मोठा गुन्हा नव्हता. बाबा दवाखान्यात न्यायला सायकल काढत होते, आई लेकराच्या घशात मिठाचं पाणी ओतत होती, धाकटीला रडताना श्वास पुरत नव्हता, आणि मी गप्प होते.

"नाई टाकला," शेवटी मी म्हटलं. "खोटं बोल्ली मी."

बाबा माझ्याकडे बघतच राहिले.

"तिले काऊन पाहून राह्यले?" आई म्हणाली. "सात वर्षाच्या पोरीच्या हाती जहर कोणी देल्लं?"

कित्येक वर्षं मला फक्त माझं खोटं आठवायचं. आता आईचा प्रश्न आठवतो. बाबांकडे प्रत्येक प्रश्नावर पत्रक असे.  त्या दिवशी त्यांनी खळीचं पातेलं उचलून अंगणात नेलं, आणि पुढे खळ तेच शिजवू लागले.